जोडीदार मिळत नसेल तर भिंतीवर एकट्याने पिकलबॉलचा सराव करून खेळ सुधारतो का? कोणते शॉट करावेत?

सुधारतो, पण सगळा नाही. भिंतीवर हात तयार होतात, लांबीचा अंदाज तयार होत नाही. तुमच्याकडे जोडीदार नाही आणि भिंत हाताशी आहे, म्हणून आधी ही भिंत कुठे फसवते ते सांगतो.

समजा, तुम्ही डिंक मारलात, म्हणजे नेटजवळून हळूच समोरच्याच्या नेटजवळ टाकलेला बॉल. कोर्टावर तो बॉल नेट ओलांडून कुठे टप्पा घेतो यावर सगळा खेळ असतो. भिंत त्याला नेटपाशीच अडवते. जो डिंक चढत जाऊन समोरच्याच्या छातीशी पोहोचला असता आणि त्याने तो तुमच्या पायात हाणला असता, तोच इथे गुमान परत येतो आणि आपल्याला वाटतं, वा, काय रॅली चाललीय! थर्ड शॉट ड्रॉपची (सर्व्ह आणि त्याच्या परतीनंतरचा तिसरा फटका, मागून अलगद नेटपलीकडे टाकलेला) तर आणखीच पंचाईत, कारण त्याचा सगळा जीव नेटपलीकडच्या उतारात असतो. त्यामुळे ड्रॉपसाठी आणि सर्व्हच्या लांबीसाठी भिंतीच्या नादी लागू नका. रिकामं कोर्ट मिळेल त्या दिवशी पिशवीभर बॉल घेऊन जा आणि ते तिथे करा.

आता भिंतीवर जे खरंच होतं ते. नेट मधोमध 34 इंच उंच असतं, कडेला 36. भिंतीवर 34 इंचांवर आडवी चिकटपट्टी लावा. भिंतीपासून 7 फुटांवर खडूने रेघ मारा, ती तुमची किचन लाइन, म्हणजे नेटजवळच्या ज्या पट्ट्यात उभं राहून हवेतला बॉल मारता येत नाही त्याची कड. दोन्ही बाजूंचे खेळाडू किचन लाइनवर उभे असतात तेव्हा त्यांच्यात 14 फूट अंतर असतं. भिंतीपर्यंत 7 आणि परत 7, म्हणजे बॉलला तुमच्याकडे यायला तेवढंच अंतर कापावं लागतं. म्हणूनच व्हॉलीसाठी (टप्पा पडण्याआधीच बॉल मारायला) भिंतीसारखा जोडीदार नाही. तो दमत नाही आणि ‘बास आता’ म्हणत नाही.

व्हॉलीला पॅडल छातीसमोर, हात मागे न नेता, नुसता पुढे ढकलायचा. आधी फक्त फोरहँड, मग फक्त बॅकहँड, मग आलटून पालटून. पकड मध्ये बदलायची नाही; बदलायला वेळच मिळत नाही हे भिंत पहिल्या मिनिटात पटवून देते. उजव्या हाताने खेळत असाल तर उजव्या खांद्याशी किंवा कंबरेशी घुसणारा बॉल बॅकहँडने घ्यायची सवय इथेच लावून घ्या. तो फोरहँडने घ्यायला गेलात की कोपर बाहेर जातं आणि बॉल कुठेही उडतो. सामन्यात चांगले खेळाडू नेमके तिथेच मारतात.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा सराव रीसेटचा, म्हणजे जोरात आलेला बॉल अलगद परत टाकण्याचा, आणि तोच कुणी करत नाही. एक बॉल भिंतीवर जोरात मारायचा आणि परत येणारा अलगद झेलल्यासारखा पट्टीच्या जरा वर टाकायचा. पॅडलची मूठ सैल हवी. घट्ट धरलीत तर बॉल पॅडलवरून उसळून निघतो. एक जोरात, एक हळू, असं चालू ठेवा. भिंत मोह घालते जोरात मारायचा, कारण आवाज छान येतो. पण तुम्ही जितकं जोरात माराल तितकी ती लवकर परत करते, आणि मग सराव न राहता नुसती धावपळ होते.

डिंक करायचाच असेल तर एक अट घाला: बॉल भिंतीला लागताना खाली येत असला पाहिजे, वर जात नाही. म्हणजे त्याची सगळ्यात जास्त उंची तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये कुठेतरी यायला हवी. असा बॉल भिंतीच्या बुडाशीच पडतो, कधी दोन टप्पे घेऊन येतो. येऊ द्या, पुढे सरकून गुडघे वाकवून उचला. रॅली लांबवायच्या नादात बॉल वर चढवलात तर ती चुकीच्या शॉटचीच घोकंपट्टी झाली.

फिरकीचंही लक्षात ठेवा. टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरकी) दिलेला बॉल खरबरीत भिंतीला लागून वर उसळतो आणि परत येताना त्याची फिरकी उलटी, म्हणजे बॅकस्पिनसारखी असते. स्लाइस केलेला, म्हणजे खालून कापून मारलेला, तिथेच खाली घसरतो. त्यामुळे टॉपस्पिनचा जोरदार फटका (ड्राइव्ह) परतवायचा सराव इथे होत नाही, त्याला माणूसच लागतो. स्वतःच्या मनगटाला वळण लावायला मात्र ठीक आहे.

40 छिद्रांचा, उघड्या कोर्टावरचा बॉल कडक असतो आणि आवाजही फार करतो. 26 छिद्रांचा, बंदिस्त कोर्टावरचा बॉल त्यामानाने मऊ असतो. भिंतीपलीकडे कुणी राहत असेल तर सरळ फोमचा बॉल आणा. उसळी थोडी वेगळी मिळेल, पण व्हॉली आणि रीसेटला तो चालतो. आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटांच्या वर जाऊ नका. भिंतीवर मध्ये थांबायला मिळत नाही, सगळे फटके सलग लागतात आणि कोपर लवकर दुखायला लागतं.