आई-नानांनी राहायचं कुठं?

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. नानांना 79 वं लागलं, आईचे गुडघे बोलायला लागले, तू पुण्यात, भाऊ बंगळुरात, आणि ही दोघं सांगलीच्या गावभागातलं घर सोडायचं नाव काढत नाहीत. ‘न्यायचं कुठं?’ असं तू विचारलंस. ते नंतर बघू. आधी त्यांच्या दिवसात नेमकं कुठं अडतंय ते शोध.

सणावाराला येऊन ते कळायचं नाही. दिवाळीला आई पदर खोचून उभी असते, नाना दाढी करून बसलेले, सगळं झकास. एखाद्या साध्या मंगळवारी रजा टाकून ये आणि कामाला हात न लावता नुसती बस. आई मोरीतून बाहेर येताना कशाला धरते बघ. तुमच्या मोरीत धरायला नळाशिवाय काही नाही आणि तो नळ हलतो. गौरीला आले तेव्हा मी बघून ठेवलंय. मग नानांचा गोळ्यांचा डबा उघड. पाकिटांना रबर लावलेलं असेल. सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली हे ते रंगावरून ओळखतात. औषधवाल्यानं दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, रंग बदलला, की झाला घोटाळा.

यातलं बरंच गवंडी आणि प्लंबर मिटवतील. भिंतीत पक्का दांडा, खरखरीत फरशी, कमोड, बाहेर उघडणारं दार. गोळ्यांसाठी आठवड्याचे खण असलेली डबी. एवढ्यानं भागत असेल तर त्यांना उचलून नवव्या मजल्यावर न्यायची घाई करू नकोस. फ्लॅटमध्ये काळजी घ्यायला माणूस असतं, असं आपण धरून चालतो. तुम्ही नवरा-बायको सकाळी बाहेर पडता ते दिवेलागणीनंतर परतता. पेपर वाचून झाल्यावर नानांनी तिथं वाद कुणाशी घालायचा?

पण गावभागात कृष्णेला विसरून चालत नाही. 2005, 2019, 2021, तिन्ही पूर त्यांनी काढले. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोक्याची. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तेव्हा आई बोटीत चढली. आता तिला चढवणार कोण? म्हणून मला विचारशील तर विश्रामबागेकडं तळमजल्याची दोन खोल्यांची जागा भाड्यानं बघा. आधी शेजाऱ्यांना विचार, 2019 ला पाणी कुठवर आलं होतं. एजंट सांगेल त्यावर जाऊ नकोस. मिरजेचे दवाखाने जवळ पडतात, डॉक्टर तेच राहतात, नानांची मारुती चौकातली मंडळी रिक्षाच्या अंतरावर. गावभागातलं घर त्यांच्याच नावावर आणि किल्ली त्यांच्याच खिशात राहू दे. पहिलं वर्ष बघू म्हणा, कायमचं म्हणू नका. आणि रात्री दोन वाजता फोन केला तर अर्ध्या तासात दारात येईल असा माणूस सांगलीत कोण, ते नाव ठरल्याशिवाय जागा घेऊ नका.

भावाचं ‘सहा महिने तुझ्याकडं, सहा महिने माझ्याकडं’ मला पटत नाही. दरवेळी डॉक्टर नवा, अंथरूण नवं, बॅग कायम भरलेली. त्याहून वाईट म्हणजे आई नातवंडांसाठी एकाकडं आणि वडील दुसऱ्याकडं. ही टूम निघालीच तर तिथल्या तिथं मोडून काढ.

वृद्धाश्रम म्हटलं की आपल्याकडं लोक कानांवर हात ठेवतात. मी ठेवत नाही. उद्या दोघांपैकी एकाला विस्मरण झालं, रात्री उठून बाहेर जायला लागलं, तर जोडीदाराच्या जिवावर सगळं टाकणं हा अन्याय आहे. बघायला जाशील तेव्हा न कळवता, जेवणाच्या वेळी जा. अंथरुणाला खिळलेल्यांची नखं बघ. रात्री किती माणसं असतात ते ऑफिसात विचारू नकोस, तिथं राहणाऱ्यांना विचार.

आता कागद. प्रांत कचेरीत माझी नोकरी गेली. पिशवीत सिटी सर्व्हेचा उतारा घेऊन बाकावर बसलेले आजोबा मी बघितलेत. घर बक्षीसपत्रानं मुलाला दिलेलं आणि आता स्वयंपाकघरात पाऊल टाकायची चोरी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यानं आईवडिलांना प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडं निर्वाह मागता येतो. मुलगा आणि मुलगी दोघंही त्याला बांधील आहेत, हे तूही ध्यानात ठेव. रक्कम मात्र महिना 10,000 पर्यंतच. त्याच कायद्याच्या कलम 23 नं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण सांभाळायच्या अटीवर दिलं होतं हे दिसायला हवं. तेव्हा नाना घर नावावर करून देतो म्हणाले तर नको म्हण. मृत्युपत्र करू देत. फारच हट्ट धरला तर सांभाळायची अट दस्तातच लिहून घ्या, भावाला राग आला तरी.

दोघंही सत्तरीच्या पुढची आहेत, तेव्हा वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घे. मिरजेतलं कुठलं हॉस्पिटल ते घेतं, हे आजारी पडायच्या आधी विचारून ठेव.

हे सगळं आई-नानांसमोर बोला, त्यांच्यामागं व्हॉट्सॲपवर नको. नानांना कमी ऐकू येतं म्हणून आईशीच बोलून मोकळं होऊ नका. त्यांच्या उजव्या कानाशी बसून सांग, त्यांना सगळं समजतं. मे महिन्यात भाऊ येईल तेव्हाच बैठक घ्या, जूनमध्ये कुणाला सवड नसते. हे पत्र भावाला दाखवलंस तरी माझी हरकत नाही. पण त्याच्या आधी वहिनीला दाखव. काम तिच्या अंगावर पडणार आणि तिला अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

तुझी,
मावशी