नॉनफिक्शनसाठी एजंट शोधताय? मग पुस्तक पूर्ण करायची घाई नको

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: बरीच वर्षं रात्रपाळीत नर्सचं काम केलंत, रात्रपाळीने शरीराचं काय होतं यावर इंग्रजीत पुस्तक लिहिताय, निम्मं झालंय, अमेरिका किंवा ब्रिटनमधला एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाला पुस्तक विकून देणारा माणूस हवाय, तर आधी पुस्तक पूर्ण करायचं की आत्ताच शोधाला लागायचं. शिवाय एका एजंटने स्वतःहून मेल करून 'वाचन फी' मागितलीय ती द्यायची का.

फीचं आधी उरकते. अजिबात देऊ नका. खरा एजंट पुस्तक विकलं तरच कमावतो, तुम्हाला मिळणाऱ्या पैशातून साधारण १५ टक्के, परदेशी हक्क विकले तर बहुतेक २०. असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्स ही संघटना तर सदस्यांना हस्तलिखित वाचायचे पैसे घेऊच देत नाही. हल्ली खऱ्याखुऱ्या एजंटचं नाव वापरून तोंडभर स्तुती करणारे मेल येतात, त्यामुळे नाव गुगल करून माणूस सापडला म्हणजे मेल त्याचाच असं समजू नका, एजन्सीच्या वेबसाइटवरचा पत्ता आणि आलेल्या मेलचा पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघा. 'रायटर बिवेअर' नावाची साइट आहे, तिथे असल्या फसवणुकींची वर्षानुवर्षांची जंत्री आहे, एकदा नजर टाकाच.

आता मुख्य मुद्दा. कादंबरी पूर्ण लिहूनच एजंटकडे न्यावी लागते, नॉनफिक्शन मात्र बहुतेक वेळा प्रपोजलवर विकलं जातं, म्हणजे पुस्तक काय असेल, कोण वाचेल आणि ते तुम्हीच का लिहायचं हे सांगणारा दस्तऐवज आणि सोबत एकदोन नमुना प्रकरणं. अपवाद आत्मकथनाचा. तिथे बरेच एजंट पूर्ण हस्तलिखित मागतात कारण सगळं लिखाणाच्या ताकदीवर असतं. म्हणून तुम्ही आधी हे ठरवा की पुस्तक तुमच्या आयुष्याचं आहे की रात्रपाळीचं. तुमच्या वर्णनावरून मला दुसरं वाटतंय, तुमचे अनुभव त्यात येतील पण कणा विषयाचा. तसं असेल तर लिखाण जरा बाजूला ठेवा आणि प्रपोजलला बसा. एजंट किंवा संपादक रचना बदलायला सांगतात हे नेहमीचंच आहे, उरलेलं निम्मं आत्ता लिहून मग परत मोडायचं कशाला.

प्रपोजलमध्ये थोडक्यात ओळख, तुमची माहिती, वाचकवर्ग, तुलनेची पुस्तकं, प्रसिद्धीसाठी तुम्ही काय करू शकता, प्रकरणवार आराखडा आणि नमुना प्रकरणं एवढं असतं. यातलं बहुतेक लोक नीट करतात पण वाचकवर्ग आणि तुलनेची पुस्तकं या दोन ठिकाणी गाडी हमखास अडकते. 'आरोग्यात रस असणारा प्रत्येकजण' हा वाचकवर्ग नव्हे. नर्स, कारखान्यात पाळीत काम करणारे, रात्री ट्रक चालवणारे, त्यांच्या घरचे, असं बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. आणि 'माझ्यासारखं पुस्तकच नाही' हे तर चुकूनही लिहू नका, वाचणाऱ्याला त्यातून 'या विषयाला गिऱ्हाईक नाही' असंच ऐकू येतं. गेल्या तीन-पाच वर्षांतली चार-पाच पुस्तकं द्या, बऱ्यापैकी खपलेली, पण एकदम जगप्रसिद्ध नकोत, आणि प्रत्येकाखाली तुमचं वेगळं कुठे पडतं ते एकदोन ओळीत.

'प्लॅटफॉर्म'ला, म्हणजे लेखकाची आधीपासूनची ओळख आणि वाचकांपर्यंतची पोच, याला लोक उगाच घाबरतात. फॉलोअर्स असले तर उत्तमच, पण त्या वॉर्डात काढलेली वर्षं हीसुद्धा भांडवल आहे. एखाद्या चांगल्या मासिकात किंवा वेबसाइटवर या विषयावर एखादा लेख छापून आणता आला तर बघा, त्याचा फार उपयोग होतो.

क्वेरी म्हणजे एजंटला पाठवायचं पत्र, एका पानाच्या वर नको. बहुतेकांची सुरुवात 'झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे' अशी असते, आणि हे वाक्य कुणीही लिहू शकतं म्हणूनच ते वाया जातं. तुमचं असं काहीतरी होऊ शकेल: 'पहाटे चारला मी इंजेक्शनचा डोस मोजते तेव्हा माझ्या शरीराच्या हिशेबाने मी गाढ झोपेत असते. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचं काम बहुधा कर्करोगकारक या गटात टाकलं. ड्यूटीचं वेळापत्रक मात्र तसंच राहिलं.' तीन वाक्यात माणूस, पुरावा आणि भांडण तिन्ही आलं. पुढे पुस्तकाबद्दल एक परिच्छेद, तुमच्याबद्दल एक, बास.

एजंट शोधायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे तुमच्या पुस्तकाच्या शेजारी शोभतील अशी पुस्तकं काढा आणि त्यातली ऋणनिर्देशाची पानं वाचा, लेखक एजंटचे आभार जवळजवळ नेहमीच मानतात. मग क्वेरीट्रॅकर किंवा मॅन्युस्क्रिप्ट विश लिस्ट या साइटवर तो एजंट सध्या नवीन काम घेतोय का ते बघा. पब्लिशर्स मार्केटप्लेस या साइटला पैसे पडतात, पण कुठल्या एजंटने कुठली पुस्तकं कोणत्या प्रकाशकाला विकली ते तिथे दिसतं, एखाद्या महिन्यापुरतं घ्या आणि बंद करा. एका वेळी सात-आठ जणांनाच पाठवा म्हणजे पत्रात काही खोट असेल तर सगळी यादी एका दमात जळत नाही. एका एजन्सीत एका वेळी एकच एजंट. उत्तर न येणं हाही बऱ्याच ठिकाणी नकारच धरतात, मनाला लावून घेऊ नका.

विषय जास्त अभ्यासकी अंगाने गेला तर युनिव्हर्सिटी प्रेस, म्हणजे विद्यापीठांच्या प्रकाशन संस्था, एजंटशिवाय थेट प्रपोजल घेतात, तोही रस्ता आहे, ॲडव्हान्स, म्हणजे प्रकाशक आगाऊ देतो ती रक्कम, कमी असतो इतकंच.

एखाद्या एजंटने हो म्हटलं की तिथल्या तिथे होकार देऊ नका. बाकी ज्या एजंटांकडे प्रपोजल आहे त्यांना कळवून दोनेक आठवडे मागून घ्या, ही रीतच आहे, कुणाला राग येत नाही. फोनवर विचारा की तो कोणत्या संपादकांकडे नेणार, प्रपोजलमध्ये काय बदल हवेत आणि पुस्तक विकलं नाही तर पुढे काय. करार एका पुस्तकाचा की तुमच्या सगळ्या लिखाणाचा, आणि नोटीस देऊन बाहेर पडता येतं का, हे दोन मुद्दे सहीच्या आधी डोळ्यात तेल घालून वाचा. बाहेर पडलात तरी त्याने विकलेल्या पुस्तकावरचं कमिशन त्याला मिळत राहतं, ते सगळीकडेच असतं, त्यावरून वाद घालत बसू नका. ब्रिटनमधली सोसायटी ऑफ ऑथर्स आणि अमेरिकेतली ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटना सदस्यांचे करार तपासून देतात, वर्गणी भरायची असेल तर तेव्हा भरा.