गुडघा सुजायची वाट पाहू नका

ताई, माझ्या लेकासारखाच तुमच्या मुलालाही हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, आणि तो आता चालायला लागलाय, म्हणून आधी हेच सांगते: सूज दिसेपर्यंत थांबू नका. माझा लेक तीन वर्षांचा असताना जिना उतरताना एक पाय मागे ठेवायला लागला, एवढंच. हात लावून पाहिलं तर तो गुडघा दुसऱ्यापेक्षा गरम लागला. आत रक्तस्राव सुरू झाला होता. अशा वेळी शक्यतो दोन तासांच्या आत फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं इंजेक्शन, मिळायला हवा. मग विश्रांती, थोडा वेळ कापडात गुंडाळलेला बर्फ, पाय उशीवर.

घरातली मोठी माणसं मायेने तेल चोळायला, शेक द्यायला येतील. तेवढं मात्र हट्टाने थांबवा, रक्तस्राव वाढतो. दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये पॅरासिटामॉल. आयब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको.

सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीनदा आपोआप रक्त आलं, तर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. आतलं अस्तर सुजतं, पुन्हा रक्त येतं, हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजत जाते. त्याआधीच रक्तविकारतज्ज्ञांशी नियमित प्रतिबंधक फॅक्टरबद्दल बोला. रक्तस्राव थांबल्यावर फिजिओथेरपी लांबवू नका. आम्ही दोन महिने लांबवली. गुडघा पूर्ण सरळ व्हायला वर्ष गेलं. तारीख, सांधा, डोस, सगळं वहीत लिहीत जा.