वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील वंशाधारित प्रवेश आणि आपले आरक्षण

उच्च शिक्षणातील प्रवेश आणि विषमता या विषयावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे विस्तृत असल्याने त्यांतील मूळ प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तेथील विद्यापीठांतील आरक्षण रद्द केले, असे आमच्याबरोबर सकाळी फिरायला येणारी मंडळी वारंवार सांगतात आणि ‘प्रगत देशाने जे सोडले ते आपण का धरून बसलो आहोत?’ असेही विचारतात. तेथे नेमके काय रद्द झाले?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई

उत्तर : सर, जे रद्द झाले ते आरक्षण नव्हते, आपण ज्या अर्थाने आरक्षण म्हणतो ते तेथे १९७८ पासूनच निषिद्ध आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. प्रवेश नाकारल्या गेलेल्या एका गोऱ्या अर्जदाराने त्याविरुद्ध दाद मागितली आणि न्यायालयाने निवाडा दिला की ठरावीक जागा राखून ठेवता येणार नाहीत. मात्र अर्जदाराचा वंश ही अनेक बाबींपैकी एक बाब म्हणून विचारात घेता येईल. या निवाड्यात निर्णायक ठरलेले मत न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांचे होते. समाजाने आजवर केलेल्या अन्यायाची भरपाई, हे कारण त्यांनी मान्य केले नाही; वर्गात निरनिराळ्या पार्श्वभूमीचे विद्यार्थी असले म्हणजे सर्वांच्याच शिक्षणाला लाभ होतो, हे कारण तेवढे मान्य केले. पुढची ४५ वर्षे तेथील विद्यापीठे ‘विविधता’ या एका शब्दावर आपला बचाव करीत राहिली, त्याचे मूळ येथे आहे.

२००३ साली मिशिगन विद्यापीठाची दोन प्रकरणे एकाच वेळी निकाली निघाली. पदवी प्रवेशात १५० गुणांच्या मोजपट्टीवर अल्पसंख्य अर्जदारांना सरसकट २० गुण दिले जात. ती पद्धत न्यायालयाने रद्द केली. त्याच विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासला जाई. ती पद्धत मात्र टिकली. तो निकाल लिहिताना न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी आणखी २५ वर्षांनी अशा विचाराची गरज उरणार नाही, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. तेवढी वाट काही पाहिली गेली नाही. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताचा निकाल दिला. विविधतेचे लाभ न्यायालयाला मोजता येत नाहीत, धोरणाला शेवट दिसत नाही, आणि म्हणून ते १८६८ सालच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतील समान संरक्षणाच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा त्याचा आशय होता. वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहिले, तर त्याची व्यक्ती म्हणून दखल घेण्याची मुभा मात्र निकालाने शिल्लक ठेवली.

आमच्या मते येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे धोरण ज्या कारणासाठी जन्माला आले ते कारण, म्हणजे गुलामगिरी आणि त्यानंतरचा कायद्याने चालवलेला वंशभेद, न्यायालयात उच्चारण्याची सोयच विद्यापीठांना उरली नव्हती. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश का, या प्रश्नाला ‘त्याच्या सहवासाने इतरांचे शिक्षण समृद्ध होते’ असे उत्तर द्यावे लागणे हे मुळातच विचित्र होते, आणि त्या उत्तराचा पाया ठिसूळ होता हे पुढे सिद्ध झाले.

आपल्याकडे नेमका हाच वाद प्रजासत्ताकाच्या दुसऱ्याच वर्षी उभा राहिला होता. मद्रास प्रांतात वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या जागा जातिसमूहांनुसार वाटणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराइराजन खटल्यात एप्रिल १९५१ मध्ये रद्द ठरवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा केंद्रात कायदामंत्री होते. जून १९५१ मध्येच पहिली घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद १५ मध्ये चौथे उपकलम आले आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यसंस्थेला स्पष्ट शब्दांत मिळाला. अमेरिकेत जे कारण न्यायालयाने बाजूला सारले, तेच येथे संविधानाच्या मजकुरात बसले. त्यामुळे आपल्याकडचे मोठे वाद, म्हणजे १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातील ५० टक्क्यांची मर्यादा, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना आरक्षण देणारी २०१९ ची १०३ वी घटनादुरुस्ती, ५ मे २०२१ रोजी रद्द झालेला मराठा आरक्षणाचा कायदा, हे सारे कोणाला आणि किती याविषयीचे आहेत. विशेष तरतूद करावी की करू नये, याविषयीचे नाहीत. तेथला निकाल उचलून येथे लावता येत नाही तो यामुळे.

आपल्या मित्रमंडळींना एक उलट प्रश्नही जरूर विचारावा. हार्वर्डच्या खटल्यातच हे उघड झाले, की माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेश मिळण्याची शक्यता इतर अर्जदारांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असते. या वारसा प्रवेशांना २०२३ च्या निकालाने हात लावला नाही, कारण ते वंशावर आधारलेले नाहीत. आपल्या खासगी महाविद्यालयांत अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवता येतात, त्याविषयी गुणवत्तेच्या नावाने सकाळच्या फेरीत कितीदा चर्चा होते, हे आपणच पाहावे.

निकालानंतरचे आकडे सरळ एका दिशेने गेलेले नाहीत. २०२४ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीत एमआयटीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, हार्वर्डमध्ये १८ वरून १४ वर आले, तर येलमध्ये ते १४ टक्केच राहिले.

प्रश्न : मी राज्यशास्त्रात एम.ए. करीत आहे. अमेरिकेतील प्रवेशधोरणे न्यायालयांनी घडवली की विद्यार्थ्यांच्या आंदोलनांनी? नामांतराच्या लढ्याशी त्यांची तुलना करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दार उघडण्याचे काम बहुतांशी विद्यार्थ्यांनी केले आणि ते किती उघडे ठेवायचे हे न्यायालयांनी ठरवले, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या जवळ जाईल. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य विद्यार्थ्यांनी पुकारलेला संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. पण तुमच्या अभ्यासाला अधिक उपयोगी पडेल ते न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे उदाहरण. हे कॉलेज हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत असूनही तेथील वर्ग प्रामुख्याने गोऱ्यांचे होते. एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजचा दक्षिण भाग ताब्यात घेतला. शहरातील शाळांमध्ये ज्या समाजांची मुले ज्या प्रमाणात आहेत, त्या प्रमाणात ती कॉलेजात दिसली पाहिजेत, ही त्यांच्या पाच मागण्यांपैकी एक होती. १९७० पासून शहरातील शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला नगर विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा देण्याचे धोरण लागू झाले, आणि त्याचा लाभ इटालियन व आयरिश कामगारांच्या गोऱ्या मुलांनाही मोठ्या प्रमाणावर झाला. पुढे शहर आर्थिक संकटात सापडले आणि तोवर मोफत असलेल्या शिक्षणावर १९७६ मध्ये शुल्क बसवले गेले. प्रवेशाचा अधिकार कागदावर राहिला, परंतु ज्यांच्यासाठी तो मागितला गेला होता त्यांतील अनेकांना तो परवडेनासा झाला. आपल्याकडे शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेची (वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठीची) रक्कम वेळेवर मिळावी यासाठी विद्यार्थी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसतात, तेव्हा ते याच टोकाचा प्रश्न मांडत असतात.

नामांतराशी तुलना करताना सावध राहा. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ऑकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षावरून घेतले, हा दुवा खरा आहे. परंतु मराठवाड्यातील दलित विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणाची वाट पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाने, म्हणजे आजच्या मिलिंद महाविद्यालयाने, आणि नागसेनवन या त्याच्या परिसरातील वसतिगृहांनी आधीच मोकळी केली होती. म्हणून १९७० च्या दशकात येथे लढा पेटला तो विद्यापीठ कोणाचे, या प्रश्नावर. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला, त्यानंतर मराठवाड्याच्या गावागावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. यातली अडचणीची बाब तुमच्या प्रबंधात टाळू नका : नामांतराच्या विरोधातही विद्यार्थीच रस्त्यावर होते, आणि त्यांतील काही जण १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनातून आलेले होते, जेथे प्रदेशाच्या मागासलेपणाविरुद्धची त्यांची तक्रार रास्त होती. अमेरिकेतही १९६२ साली जेम्स मेरेडिथ यांना मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळू नये म्हणून झालेल्या दंगलीत गोरे विद्यार्थी सामील होते. ‘विद्यार्थी चळवळ’ म्हटले की ती समतेच्याच बाजूची असणार, असे गृहीत धरणारी बरीच पुस्तके तुम्हाला वाचावी लागतील. त्यांवर विसंबू नका.

प्रश्न : टेक्सास राज्यात प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश मिळतो, असे वाचनात आले. वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० सूत्राने आपले नुकसानच झाले. त्याऐवजी अशी पद्धत मराठवाड्याला तारक ठरेल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : टेक्सासने हा कायदा १९९७ मध्ये केला, कारण आदल्या वर्षी तेथील केंद्रीय अपील न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली होती. शाळाच वंशानुसार विभागलेल्या असल्यामुळे प्रत्येक शाळेतून वरची मुले घेतली की विद्यापीठात वैविध्य आपोआप येते, असा त्यामागचा हिशेब आहे. म्हणजे ही पद्धत शाळांतील विभागणीवरच जगते.

७०:३० चे तसे नव्हते. मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र अशा विभागांतील ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना, असे ते सूत्र होते. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालयेच कमी, त्यामुळे येथील मुलांना अधिक गुण असूनही इतरत्र फक्त ३० टक्क्यांत झगडावे लागे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ते रद्द केले, ते योग्यच झाले. टेक्सासची पद्धत येथे आणण्यात दोन अडसर आहेत. वैद्यकीय प्रवेश नीटच्या गुणांवर होतात, शाळेतील क्रमांकावर नाहीत. आणि अकरावी-बारावीसाठी अर्धा मराठवाडा लातूर आणि नांदेडला जात असताना महाविद्यालयनिहाय टक्केवारी लावली, तर नाव गावच्या कॉलेजात आणि मुलगा शिकवणीच्या शहरात, हा आजही चालणारा प्रकार राजमान्य होईल.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करताना अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राचा उपयोग होईल का? २०२३ च्या निकालाने तिची संधी कमी झाली का?
— एक पालक, लातूर

उत्तर : प्रमाणपत्राचा प्रवेशासाठी उपयोग नाही. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला आहे, पण तो तेथे शिकणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे; प्रवेशाशी त्याचा संबंध नाही. परदेशी अर्जदारांची गणना तेथे वेगळ्या गटात होत असल्याने त्या निकालाचा तिच्यावर थेट परिणाम नाही. जातीच्या अनुभवाविषयी तिला निबंधात लिहावेसे वाटले, तर ते लिहिण्यास कोणतीही आडकाठी नाही. मात्र तो निर्णय तिचा असू द्यावा.

खरी अडचण पैशांची आहे. बहुतेक विद्यापीठे परदेशी अर्जदाराला निवडताना त्याला आर्थिक मदत लागणार का, हेही पाहतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट यांसारख्या मोजक्या संस्था तसे पाहत नाहीत, परंतु तेथील स्पर्धा अतिशय तीव्र आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी.साठी आहेत. त्यामुळे पदवी येथेच चांगल्या संस्थेतून पूर्ण करून नंतर या शिष्यवृत्तींसाठी अर्ज करणे तिला अधिक सोयीचे ठरेल. उत्पन्नाची मर्यादा आणि परदेशी विद्यापीठाचा जागतिक क्रमांक या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करावयाच्या वर्षीची जाहिरात समाजकल्याण विभागाकडून पाहून घ्यावी आणि जातवैधता प्रमाणपत्राचे काम मात्र आताच सुरू करावे.