बीजी नेचा : हा शब्द बरोबर की चूक?

मुलुंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. दगडी कोळशातल्या वनस्पतींवर मुलं तक्ता करताहेत. त्यात ‘बीजी नेचे’ हा शब्द आला आणि नववीतल्या मुलीने लगेच विचारलं, “बाई, नेच्याला बी नसते असं तुम्हीच शिकवलंत, मग हा बीजी नेचा कुठून आला?” शब्दच चुकीचा आहे का, त्याऐवजी ‘सबीज नेचे’ किंवा सरळ त्यांचं शास्त्रीय नाव ‘टेरिडोस्पर्म’ लिहावं का, या वनस्पतींना ‘विलुप्त’ म्हणावं की ‘नामशेष’, आणि तक्त्यावरच्या चित्राला ‘जीवाश्म’ म्हणावं की ‘ठसा’, असं ताईंनी विचारलं आहे.

मुलीचा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. बीजी नेचे हे नेचे नव्हतेच. तरीही शब्द बदलू नये असं माझं मत आहे.

आधी नेचा. रोपवाटिकेत ‘फर्न’ म्हणून मिळतो तो, आणि पावसाळ्यात आपल्या जुन्या चाळींच्या ओल्या भिंतींवर, पाइपाच्या सांध्याशी आपसूक उगवतो तोही. त्याचं पिकलेलं पान उलटं करून बघा. खालच्या बाजूला तपकिरी ठिपके असतात, काही जातींत कडेकडेने गेलेली तपकिरी रेघ असते. बोट फिरवलं की बोटाला बारीक भुकटी लागते. ही बीजुकं. बीजुक म्हणजे एकच पेशी. ओल्या जागी पडलं की त्यातून नखाएवढा हिरवा पापुद्रा तयार होतो, त्या पापुद्र्यावर नर पेशी पाण्यातून पोहत मादी पेशीपर्यंत जातात आणि मग नवा नेचा उगवतो. बी ही निराळी गोष्ट. तिच्यात गर्भ असतो, गर्भासाठी साठवलेलं अन्न असतं आणि वर टरफल असतं. ज्याला बी आहे त्याला वर्गीकरणात नेचा म्हणता येत नाही.

आता व्याकरण. ‘बीजी’ हे ‘बीज’ला ‘ई’ लागून झालेलं विशेषण, ‘एकबीजपत्री’तल्या ‘पत्री’सारखं. विशेषण आधी आणि नाम नंतर अशी रचना असली की मराठी माणूस नामावर विसंबतो. रानडुक्कर हे डुक्करच असतं, डोंबकावळा हा कावळाच असतो. म्हणून ‘बीजी नेचा’ वाचल्यावर ‘बी असलेला नेचा’ असाच अर्थ मनात येणार. पण मराठीत याच्या उलट जाणारी नावंही भरपूर आहेत. देवमासा मासा नाही, तारामासा मासा नाही, पाणघोडा घोडा नाही. डोळ्यांना जसं दिसलं तसं नाव पडलं, आणि तो प्राणी खरा कोण हे नंतर कळूनही नाव कुणी बदललं नाही. बीजी नेच्याचं याहून एक पाऊल पुढचं आहे. त्याच्या नावात शोधाचा क्रमच उतरला आहे: आधी पान सापडलं, ते नेच्याचं वाटलं, बी हाती लागायला पुष्कळ वर्षं गेली.

युरोपातल्या कोळशाच्या खाणींत एकोणिसाव्या शतकात पानांचे ठसे ढिगाने निघत होते. नेच्यासारखीच विभागलेली, पिसांसारखी पानं. त्यामुळे कोळशाच्या त्या युगाला नेच्यांचं युग म्हणण्याचा प्रघात पडला. खटकणारी बाब अशी की यातल्या कित्येक पानांच्या मागे ते तपकिरी ठिपके कधीच दिसेनात. हजारो ठसे तपासले तरी बीजुकांचा पत्ता नाही. खोडांचे छेद घेतले तर त्यांची रचना काही अंशी नेच्याची आणि काही अंशी सायकसची. (सायकस म्हणजे सोसायटीच्या फाटकाशी लावतात ते ताठ, टोकदार पानांचं झाड, त्याला बी येते, पण फळ येत नाही.) म्हणून जर्मन अभ्यासक पोटोनिए यांनी या गटाला सायकस आणि नेचा या दोहोंची नावं जोडून एक जोडनाव दिलं. त्यांच्या बियांचा पुरावा मात्र तेव्हाही नव्हता.

तो मिळाला १९०३ मध्ये, आणि मिळाला तो थेट चिकटलेली बी सापडून नव्हे. इंग्लंडमधल्या काही कोळशाच्या थरांत चुनखडीचे गोळे असतात. दलदलीतला पालापाचोळा दाबला जाण्याआधीच त्यात चुन्याचे क्षार मुरले आणि त्याची पेशी न् पेशी जागच्या जागी टिकली. असे गोळे कापून, घासून, काचेवर पातळ चकती लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. फ्रान्सिस ऑलिव्हर आणि ड्यूकिनफिल्ड हेन्री स्कॉट या दोघांपुढे अशा चकत्यांत एक छोटी बी होती, लॅजेनोस्टोमा नावाची, आणि तिच्याभोवती पेल्यासारखं वेष्टण. त्या वेष्टणावर देठ असलेल्या ग्रंथी होत्या. बारीक दांडी आणि वर टाचणीच्या डोक्यासारखा गोळा. नेमक्या अशाच ग्रंथी लायजिनॉप्टेरिस या ‘नेच्या’च्या खोडावर आणि पानांच्या देठांवर होत्या. गोळ्यातल्या दुसऱ्या कुठल्याच वनस्पतीवर त्या नव्हत्या. एवढ्या एका खुणेवरून त्यांनी ठरवलं की बी आणि पान एकाच झाडाचं आहे. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, रॉबर्ट किडस्टन यांना न्यूरॉप्टेरिस या दुसऱ्या ‘नेच्या’च्या पानाला बी प्रत्यक्ष जोडलेली सापडली, आणि वादाला फारशी जागा उरली नाही. ऑलिव्हर आणि स्कॉट यांनी ग्रीक ‘टेरिस’ म्हणजे नेचा आणि ‘स्पर्मा’ म्हणजे बी यांवरून या गटाला ‘टेरिडोस्पर्म’ हे नाव दिलं. आपला ‘बीजी नेचा’ हा त्याचाच मराठी अवतार.

नावांच्या बाबतीत या वनस्पतींचा आणखी एक चमत्कार मला फार आवडतो. झाड दगडात सबंध मिळत नाही. खोड एकीकडे, पान दुसरीकडे, बी तिसरीकडे. ज्याला जे सापडलं त्याने त्याचं बारसं केलं. त्यामुळे वर सांगितलेल्या एकाच झाडाचं खोड लायजिनॉप्टेरिस, पान स्फेनॉप्टेरिस, मूळ कॅलॉक्सिलॉन आणि बी लॅजेनोस्टोमा. हे सगळं एकच आहे हे कळल्यावरही ही नावं टाकून देत नाहीत, कारण उद्या नुसतं पानच सापडलं तर ते कुठल्या खोडाचं हे सांगता येत नाही. तक्त्यात ही चारही नावं चार वेगळ्या वनस्पती म्हणून आली असतील तर ती एकत्र करून घ्या. पाठ्यपुस्तकांवरून उतरवताना ही गफलत सहज होते.

‘बीजी नेचे’ म्हणजे एक कूळ असंही मुलांना वाटू देऊ नका. नेच्यासारखी पानं आणि बी, एवढ्या दोन गोष्टी जुळल्या म्हणून एकत्र ठेवलेल्या निरनिराळ्या शाखा आहेत त्या. सर्वांत जुने सुमारे साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीचे, डेव्होनियन कल्पाच्या अखेरचे.

आपल्याकडचा यातला सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे ग्लॉसोप्टेरिस. १८२८ मध्ये अदॉल्फ ब्रोन्यार यांनी त्याचं नाव ठेवलं तेव्हा त्यांना तो नेचाच वाटला, म्हणून नावात ‘टेरिस’ आला. ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ. पान जिभेच्या आकाराचं, मधोमध ठसठशीत शीर आणि बाजूंना शिरांची जाळी. त्याची बीजधारक इंद्रियं पानालाच जोडलेली एडना प्लमस्टेड यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नमुन्यांत दाखवली ती १९५२ मध्ये. म्हणजे सव्वाशे वर्षं नावातला नेचा तसाच चालत आला, आणि आजही आहे. काही अभ्यासक ग्लॉसोप्टेरिसला बीजी नेच्यांत न धरता वेगळा गट मानतात, पण शाळेच्या तक्त्यात त्याला या गटात ठेवायला हरकत नाही.

याचे ठसे महाराष्ट्रात आहेत, हे तक्त्यावर ठळक लिहा. नागपूरजवळच्या कामठी, सिलेवाडा भागातले दगड स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने गोळा केले (नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं) आणि त्यातल्या वनस्पतींचं वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये छापलं. तिथल्या खडकांच्या थराला भूशास्त्रात ‘कामठी’ असंच नाव आहे. चंद्रपूर, वणी, उमरेडचा कोळसा ग्लॉसोप्टेरिसच्या जंगलांचाच. हीच पानं दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका इथेही मिळतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मृत्यू पावलेल्या रॉबर्ट स्कॉटच्या तुकडीने शेवटपर्यंत ओढत आणलेल्या सुमारे सोळा किलो दगडांतही ती निघाली. हे सगळे भूखंड एकेकाळी जोडलेले होते, याचा हा एक भक्कम पुरावा. त्या जोड-खंडाचं नाव आपल्या गोंडवनावरून आलं आहे. ‘गोंडवनालँड’ हे द्विरुक्त नाव इंग्रजीत रूढ असलं तरी मराठीत ‘गोंडवन’ पुरेसं आहे.

मग काय लिहावं? ‘सबीज नेचे’ अर्थाने वेगळं नाही. ‘नेचे’ तसेच राहतात, त्यामुळे मुलीचा आक्षेपही तसाच राहतो. नुसतं ‘टेरिडोस्पर्म’ लिहिलं तर आक्षेप सुटत नाही, फक्त ग्रीक न येणाऱ्याला तो दिसत नाही. ‘बीजी नेचे’च ठेवा आणि खाली एक ओळ घाला: ‘नेच्यासारखी पानं असलेल्या, पण बी धरणाऱ्या नामशेष वनस्पती, या खऱ्या नेच्यांपैकी नाहीत.’ पहिला ‘बी’ दीर्घ, कारण ‘बीज’ तत्सम आहे. विभक्ती लावताना ‘बीजी नेच्यांचे’, ‘बीजी नेच्याला’. ‘बीजी’ बदलत नाही.

‘विलुप्त’ अशुद्ध नाही, पण तो आपल्याकडे अलीकडे हिंदीच्या संगतीने वाढला. ‘नामशेष’ रुळलेला आहे, दहा वर्षांच्या मुलालाही कळतो, तोच घ्या. फक्त ग्लॉसोप्टेरिस पर्मियन कल्पाच्या शेवटी, सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला, तसे सगळेच तेव्हा गेले असं लिहू नका. काही शाखा डायनोसॉरांच्या काळातही होत्या, आणि टास्मानियात एक नमुना तर डायनोसॉर संपल्यानंतरच्या इओसीन काळातला मिळाला आहे.

‘जीवाश्म’ हा व्यापक शब्द आहे, ‘ठसा’ हा त्याचा एक प्रकार. सिलेवाड्याच्या दगडावरचं पान हा ठसा: आकार आणि शिरा दिसतात, पेशी दिसत नाहीत. चुनखडीच्या गोळ्यातली बी हे अश्मीभवन: तिथे पेशी दिसतात, आणि ऑलिव्हर-स्कॉट यांना उत्तर मिळालं ते त्यामुळेच. चित्राखाली यातलं नेमकं काय ते लिहा. आणि मुलं ठसे शोधायला घाटकोपर-मुलुंडच्या टेकड्यांवर जायचं म्हणाली तर त्यांना आधीच सांगा, इथला काळा दगड ज्वालामुखीचा आहे, ग्लॉसोप्टेरिस संपल्यावर अठरा-एकोणीस कोटी वर्षांनी ओतला गेलेला. मुंबईतही लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात जीवाश्म मिळाले आहेत. वरळीच्या बेडकांचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्येच केलं. बीजी नेच्यांसाठी मात्र विदर्भच गाठावा लागेल.