कॅमेरावाली दुर्बीण घ्यावी का?

थेट सांगतो: पहिली दुर्बीण म्हणून नको. एकात दोन कामं होतील हा मोह मलाही झाला होता.

स्वस्त मॉडेल्समध्ये कॅमेऱ्याचं भिंग बहुतेकदा दोन नळ्यांच्या मधे, वेगळंच बसवलेलं असतं. मधलं चाक फिरवून तुम्ही फोकस करता तो फक्त डोळ्यांसाठी. कॅमेऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. माझ्या डोळ्यांना खंड्याच्या चोचीतला मासा दिसत होता, फोटोत मात्र फांदीवर एक निळा ठिपका! शिवाय बटण दाबलं की दुर्बीण हलायचीच. महागड्यांची गोष्ट वेगळी, पण ती आत्ता नको.

त्याऐवजी:

- साधी ८×४२ घ्या. ८ पट मोठं दिसतं, पुढचं भिंग ४२ मिमीचं. ४२ भागिले ८, म्हणजे डोळ्यात सुमारे ५ मिमीचा प्रकाशझोत. पहाटेच्या अंधुक उजेडात याची किंमत कळते.
- १६ पटींच्या मागे लागू नका. हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते.
- आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस करा. मग डावी झाकून उजव्या आयपीसची (डोळ्याजवळच्या भिंगाची) रिंग फिरवा. नवखे हे हमखास विसरतात आणि डोकं दुखतं म्हणून दुर्बिणीला नावं ठेवतात.
- चष्मा असेल तर आयकप, म्हणजे आयपीसभोवतीच्या डोळ्यांना टेकणाऱ्या कडा, खाली करा.

फोटो हवेच असतील तर आयपीसवर फोन बसवायचा अडॅप्टर मिळतो. सोबत ट्रायपॉड मात्र लागेलच.