‘पासआउट’ झालो, म्हणजे नेमकं काय झालो?

प्रश्न असा आला आहे : ‘परदेशातल्या एका कंपनीला पाठवलेल्या अर्जात मी “आय पास्ड आउट इन 2018” असं लिहिलं. तिकडच्या बाईंनी मुलाखतीत हसून विचारलं, आता तब्येत कशी आहे? माझं काय चुकलं?’

व्याकरणात काहीच चुकलं नाही. पण अमेरिकेत किंवा इंग्लंडात ‘पास आउट’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पदवी येत नाही, जमिनीवर आडवा झालेला माणूस येतो. उन्हानं घेरी आली, रक्त बघून भोवळ आली, पार्टीत जरा जास्तच झाली आणि शुद्ध हरपली, हे सगळं ‘पास आउट’. दिवसभर राबून आलेला माणूस बुटांसकट सोफ्यावर ढाराढूर झाला, तरी हेच क्रियापद चालतं. म्हणजे तुमच्या वाक्याचा त्यांना लागलेला अर्थ : 2018 साली मला चक्कर आली.

मग आपल्याकडे हा अर्थ आला कुठून? तो कोणी हवेतून काढलेला नाही. ब्रिटिश इंग्रजीत सैन्याचं किंवा पोलिसांचं प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणाऱ्यांसाठी ‘पास आउट’ आजही वापरतात. खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षं काढलेले कॅडेट शेवटी जी परेड करतात, ती ‘पासिंग आउट परेड’. आपली वर्तमानपत्रं तिला ‘दीक्षांत संचलन’ म्हणतात. (त्या परेडला उन्हात ताटकळून एखादा कोसळलाच, तर तो दोन्ही अर्थांनी पासआउट!) भारतात हा शब्द कवायतीच्या मैदानावर थांबला नाही, कॉलेजांतही शिरला, एवढंच.

मराठी माणसाला तो इतका सहज का पटला, याबद्दल माझा एक तर्क आहे. आपण आधीपासूनच ‘मी अमुक साली कॉलेजातून बाहेर पडलो’ असं म्हणतो. त्यामुळे ‘आउट’ कानाला खटकतच नाही. आणखी गंमत म्हणजे ‘उत्तीर्ण’ हा शब्द. ‘उद्’ आणि ‘तीर्ण’ : तरून पलीकडे गेलेला, पाण्यातून बाहेर आलेला. संस्कृतातला पासआउटच म्हणा ना! फरक एकच. नापास होऊन कॉलेज सोडणाराही ‘बाहेर पडतो’, पण त्याला कोणी पासआउट म्हणत नाही. शिवाय मराठीत आपण त्याचं नामही करून टाकलं आहे : ‘तो 2016चा पासआउट.’ अमेरिकी किंवा ब्रिटिश इंग्रजीत असं नाम या अर्थानं सहसा सापडणार नाही.

एक तिसरा अर्थही आहे, मुख्यतः अमेरिकी : वाटणे. शिक्षक प्रश्नपत्रिका ‘पास आउट’ करतात. तो ओळखायला सोपा, कारण तिथे काय वाटलं ते कर्म असतं. चक्कर येण्याला कर्म लागत नाही. आणि ‘पास अवे’शी गल्लत तर मुळीच नको, ते थेट देवाघरी जाणं.

परदेशी अर्जात पदवीसाठी ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ लिहा, पुढे कॉलेजचं नाव आणि साल. शाळेचा उल्लेख इंग्लंडला पाठवायच्या कागदात असेल तर ‘फिनिश्ड स्कूल’ बरं, कारण तिथे ‘ग्रॅज्युएट’ म्हणजे बहुधा विद्यापीठाचाच. अमेरिकेत मात्र हायस्कूललाही ते चालतं. पुण्या-मुंबईतल्या कंपनीला लिहिताना ‘पास्ड आउट’ राहिलं तरी तब्येतीची चौकशी कोणी करणार नाही.